‘प’ला लावलेली शेपटी

हातात बारीक टोकाचं पेन आणि जोडीला दाढीचं जुनं पातं, एवढं असलं की जगातली कुठलीही चूक मी दुरुस्त करू शकतो. कुठलीही! बावीस वर्षं छापखान्याची प्रूफं तपासतोय, उगाच नाही. एका कादंबरीत नायिका लाजत लाजत नायकाच्या ‘मिठात’ शिरली होती. तिला मी एका वेलांटीत बाहेर काढून कोरडी केली. एका पुढाऱ्याने समाजाला नवी ‘दशा’ दिली होती. मी तिची ‘दिशा’ केली. आधी छापलेलंच जास्त खरं होतं, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे एका शब्दापायी राहतं घर जायची वेळ आली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. म्हटलं, शब्दच आहे ना? मग तो आपल्याच गल्लीत आलाय!

आता शब्द कोणता, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आणि थोडं लाजावंही लागेल.

दोन वर्षांपूर्वी मी बायकोला शब्द दिला की सिगारेट सोडतो. आणि सोडली हो! खरंच सोडली! फक्त तिच्या जागी एक वेप, म्हणजे बॅटरीवरची ओढायची नळी, आणली. लिपस्टिकएवढी, आकाशी रंगाची, स्ट्रॉबेरीच्या वासाची. शब्द सिगारेटबद्दल दिला होता, वेपचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. प्रूफवाला माणूस लिहिलेल्यापलीकडे कशाला जाईल?

बायको मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. सकाळी सहाला जाते, दुपारी साडेतीनला येते. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच असतात. त्या दोन ते तीन झोपतात. तो एक तास माझा. प्रूफांचा गठ्ठा खिडकीपाशी घ्यायचा, एक पान वाचायचं, एक झुरका सोडायचा. मऊ पांढरा ढग खिडकीतून बाहेर जायचा, जसं काही कापसाचं पाखरू उडालं.

पाखरू उडायचं ते मात्र थेट वरच्या मजल्यावर, घरमालकांच्या खिडकीत.

घरमालक म्हणजे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. चाळीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासून त्यांचं सगळं अंगच बॉयलरसारखं झालेलं: पोट गोल, आवाज घुमणारा, आणि राग आला की नाक वाजायचं. पाठीमागे आम्ही त्यांना ‘शिट्टीकाका’ म्हणायचो. शिट्टी बारीक असेल तर कुरकुर, जाड असेल तर धोका.

एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“प्रूफवाले, तुमच्या खिडकीतून दुपारचं काय येतं हो?”

“काय येतं?”

“धूर!”

“छे हो काका! नुसती वाफ ती!”

शिट्टी वाजली. जाड.

“वाफ? मला सांगता वाफ? अहो, पोटच्या पोरापेक्षा जास्त वाफ ओळखतो मी! चाळीस वर्षांत माझ्या एकाही बॉयलरला स्ट्रॉबेरीचा वास आला नाही!”

“हवामान बदललंय हो काका.”

हे मी बोलायला नको होतं. जिभेला हाड नसतं, आणि माझ्या जिभेला तर लगामही नाही. काका तीन पायऱ्या वर गेले, वळले आणि म्हणाले, “तुमच्या त्या वाफेचा बंदोबस्त करतो थांबा!”

दुसऱ्या दिवशी छापखान्यात प्रूफं पोचवून तीनला घरी आलो, तर दारावर कागद. घरमालकांच्या टपोऱ्या अक्षरात:

‘आपल्या घरातून वेप निघत असल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे. वेप तात्काळ बंद करावी. यापुढे एकदा जरी वेप निघाली, तरी एका महिन्यात जागा रिकामी करावी लागेल.’

घर म्हणजे तसं काय? दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक खिडकी. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना अकराच पायऱ्या चढायच्या होत्या, आणि बायकोचं हॉस्पिटल समोरच्या रस्त्यापलीकडे होतं. दुपारी एकला ती वॉर्डाच्या खिडकीतून हिरवा टॉवेल हलवायची, मी इकडून प्रूफाचा कागद. अशी खिडकी मिळावी म्हणून आम्ही सतरा घरं पाहिली होती. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “या घरातून मला आता कुणी हलवू शकत नाही.”

आणि मी हलवणार होतो. स्ट्रॉबेरीने!

कागद ओढून काढायला गेलो, तर निघेना! नखाने खरवडलं, सुरीने खरवडलं, पाणी लावलं. काकांनी तो बॉयलरचे सांधे बुजवायच्या लुकणाने चिकटवला होता. दार निघालं असतं, कागद नाही. घड्याळात तीन वाजून दहा. बायको यायला वीस मिनिटं. सासूबाई आत उठून बसल्याचा आवाज आलेला.

माणूस बुडायला लागला की हात मारतो; मी पेन मारलं.

आता बघा हं कला. ‘वेप’. ‘वे’वरची मात्रा पात्याने अल्लाद खरवडली. पुढे एक काना दिला: ‘वा’. राहिला ‘प’. त्याला उजव्या बाजूने एक छोटीशी शेपटी लावली: ‘फ’! वाफ! तीन ठिकाणी प्रत्येकी तीन माफक शस्त्रक्रिया, रोगी ठणठणीत. आणि काकांचे उपकार असे की त्यांनी वेप स्त्रीलिंगी लिहिली होती! ‘निघाली’ची ‘निघाली’च राहिली, क्रियापदाला बोटसुद्धा लावावं लागलं नाही. मी दोन पावलं मागे सरून पाहिलं. बावीस वर्षांत इतकं देखणं काम हातून झालं नव्हतं.

बायको आली. पर्स खांद्यावर, एक चप्पल काढलेली, एक पायात. तिने कागद वाचला. पुन्हा वाचला.

“अरे, हे काय आहे?”

“काय की. मी आत्ताच पाहिलं.”

“घरातून वाफ निघते म्हणून घर सोडायचं?”

“भिंतींना ओल येत असेल,” मी म्हटलं. “म्हातारा माणूस. आपण जरा दिवस जाऊ देऊ.”

“ओल? मग भात काय उन्हात शिजवू? आई, ऐकलंस का गं?”

सासूबाई दारात आल्या. सासूबाई बोलतात कमी, जुळवतात जास्त. लहानपणापासून दळताकांडता कानावर पडलेलं सगळं जिभेवर बसलंय. तापल्या की आपसूक ओळी बाहेर येतात. त्यांनी कंबरेवर हात ठेवला:

“उकळत्या आधणाला कोण घालील कुलूप?
वाफ आभाळाची लेक, तिला नसे रंगरूप!”

“वा!” मी म्हणालो. मनापासून म्हणालो. ओळ चांगलीच होती.

“वा काय वा! मी जाते वर,” बायको म्हणाली.

“तू कशाला? मी बोलतो ना त्यांच्याशी!”

“तू नको. तू स्वल्पविरामासारखा बोलतोस. दर दोन शब्दांना थांबतोस. इथे उद्गारचिन्ह लागणार आहे!”

आणि ते उद्गारचिन्ह एका चपलेवर जिना चढून गेलं. मी मागोमाग. माझ्या लक्षात आलं की वर एक माणूस बसलाय, ज्याला मी कालच सांगितलंय की माझी वेप म्हणजे ‘नुसती वाफ’. म्हणजे आता दोघंही वाफच म्हणणार होते, आणि दोघांच्या वाफा वेगळ्या!

काकांनी दार उघडलं.

“काका, दारावरचा कागद वाचला मी.”

“वाचलात? बरं झालं, सिस्टर. तुम्ही समंजस आहात. मला वाटलंच, घरातल्या त्या वाफेचं तुम्हाला काही ठाऊक नसणार.”

“ठाऊक नसणार? अहो, घरातली निम्मी वाफ मीच काढते!”

काकांचा चष्मा नाकावरून एक पायरी खाली उतरला.

“तुम्ही?”

“मग कोण? सकाळी उठल्या उठल्या. ड्यूटीला जायच्या आधी दोनदा. एकदा चहाला, एकदा डब्याच्या वेळी.”

“रिकाम्या पोटी?”

“भरल्या पोटी कुणी काढतं का?”

“आणि... आणि यांना चालतं?” काकांनी माझ्याकडे बोट केलं.

“यांना काय, आयती मिळते!”

मी कठड्याला धरून उभा होतो. “काका, चहा घ्यायला खाली या ना एकदा,” असं काहीतरी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

“निदान आजीबाई तरी...” काकांचा आवाज बारीक झाला.

“आईला तर रोज संध्याकाळी लागतेच. ती गुडघ्यावर घेते.”

“गुडघ्यावर!”

“डॉक्टरांनीच सांगितलंय. आणि माझं म्हणाल काका, तर मी वॉर्डात रोज वीस-वीस मुलांना वाफ देते. सहा महिन्यांच्या बाळालासुद्धा!”

“बाळ? बाळ ओढतं?”

“आधी रडतं. मी तोंडावर मास्क धरून ठेवते. मग गुमान ओढतं. दोन दिवसांनी तर स्वतःहून तोंड पुढे करतं, लबाड!”

काका दाराजवळच्या स्टुलावर बसले. नाकाची शिट्टी अशी काही वाजली की रस्त्यावरचं कुत्रं उभं राहिलं.

“आणि हे हॉस्पिटलला माहीत आहे?”

“माहीत? अहो, ते मला पगार देतात त्याचा!”

काका उठून म्हणाले, “सिस्टर, मला वाटलं होतं घरात एक वाह्यात माणूस आहे. तुम्ही तर अख्खं घराणं निघालात! एक महिना! सगळे बाहेर!”

“बघतेच मी!” बायको म्हणाली. “वाफेवाचून घर चालवून दाखवाच तुम्ही!”

दार धाडकन बंद झालं. जिन्यात बायको माझ्याकडे वळली, डोळ्यांत पाणी. रागाचं नव्हतं. “काय वाईट केलंय रे आपण यांचं?” ती म्हणाली. “आईला पुन्हा चार जिने चढायला लावू?”

त्या पायरीवर मी सगळं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “एक बरं आहे, तू तरी माझ्याशी खरं वागतोस.” मी तोंड मिटलं. अशा वाक्यानंतर उघडायला तोंड नाही, काळीज लागतं.

बायको मग शांत बसेना. तळमजल्यावर लाँड्रीवाला आहे आणि त्याच्याशेजारी पार्लरवाली. दोघंही काकांचे भाडेकरू. तिने दोघांना आमच्या दारापाशी आणून कागद वाचायला लावला.

“वाफ बंद?” लाँड्रीवाला किंचाळला. “मग शर्टाच्या सुरकुत्या काय समजूत घालून काढू?”

“चेहऱ्याला वाफ दिल्याशिवाय माझं एक गिऱ्हाईक खुर्चीतून उठत नाही!” पार्लरवाली म्हणाली. “आज वाफ म्हणतोय, उद्या म्हणेल श्वास घेऊ नका!”

“अर्ज करू,” बायको म्हणाली. “सगळ्यांच्या सह्यांनी.”

“लिहिणार कोण?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

घरातल्या घरात, बायकोच्या नजरेसमोर, सासूबाई शेजारी बसून ओळी पुरवत असताना मी तो अर्ज लिहिला. ‘आम्ही खाली सह्या करणारे सर्व भाडेकरू वर्षानुवर्षे वाफ काढत आलो आहोत, काढत आहोत आणि यापुढेही काढत राहू. वाफ ही आमची गरज आहे. वाफेशिवाय आमचे घर, धंदा व सौंदर्य चालू शकत नाही.’ पानभर मजकुरात वाफ हा शब्द एकोणीस वेळा आला. एकोणीस! शुद्धलेखनाची चूक एक नाही. एवढा निर्दोष अपराध मी आयुष्यात केला नव्हता.

काकांनी अर्ज घेतला. दोन दिवस वरून शिट्टीसुद्धा ऐकू आली नाही, तेव्हा मला जास्त भीती वाटली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘इमारतीतील एकूण एक माणूस वाफ काढतो, हे वाचून मी अंथरूण धरले होते. आता बरा आहे. रविवारी सकाळी दहाला तपासणी. सर्व साधने चालू स्थितीत ठेवावीत. दोष आढळल्यास जागा त्याच दिवशी सोडावी लागेल.’

“ये म्हणावं!” बायको म्हणाली. “अशी वाफ दाखवते की डोळे उघडतील!”

रविवारी आठपासून आमच्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. शेगडीच्या चारी चुलींवर पातेली. त्यात नुसतं पाणी, रटरट उकळणारं. विजेवरचा कुकर एकीकडे, इस्त्री दुसरीकडे. पार्लरवालीने तिचं तोंडाला वाफ द्यायचं यंत्र पाठवलेलं, लाँड्रीवाल्याने त्याची मोठी इस्त्री. घरात ढग उतरला होता. सासूबाई कोपऱ्यात गुडघे उघडे टाकून बसल्या होत्या, उंच डोंगरावर धुक्यात बसल्यासारख्या.

“आणि तू,” बायको मला म्हणाली, “तू पेशंट.”

“मी?”

“छातीत कफ. काकांना दिसू दे, औषध म्हणून वाफ कशी लागते ते. बस इथे!”

स्टूल, समोर पातेलं, आणि डोक्यावरून जाड चादर. मी आत गडप झालो. आत अंधार, ऊब, पाण्याचं गुणगुणणं. खरं सांगू? फार बरं वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच मला कुणी पाहत नव्हतं.

आणि खिशात ती होती. आकाशी रंगाची.

पाच दिवस हात लावला नव्हता हो! भीतीने. पण आता विचार करा: चारी बाजूंनी वाफ. घरभर वाफ. समुद्रात कुणी चमचाभर पाणी ओतलं तर कळतं का? मनात म्हटलं, एकच. अगदी छोटा. एका स्वल्पविरामाएवढा.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. काका आले. चादरीतून मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं: पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज, चष्मा पुसल्याचा आवाज, आणि मग चुलींपाशी गेलेली पावलं.

“सिस्टर,” काकांचा आवाज आला. वेगळाच, ओला. “सिस्टर, ही तर वाफ आहे!”

“मग मी इतके दिवस काय सांगत होते?”

“नाही, पण ही खरी वाफ आहे!” पिशवीतून त्यांनी स्टीलची थंड पट्टी काढली असावी, कारण टण्ण वाजलं. “बघा, थेंब कसे धरलेत! मोत्यासारखे! शुद्ध पाणी. निवृत्त झाल्यापासून चार वर्षांनी बघतोय मी असं.” त्यांनी मोठा श्वास घेतला. “आहाहा! नाक मोकळं झालं! वाजत नाही बघा!”

“बसा काका. पाठ ताठ करा. आणखी एक मोठा श्वास. शाब्बास! रोज दहा मिनिटं घ्यायला हवी तुम्ही.”

“मी उगाच संशय घेतला, सिस्टर. तो अर्ज, ती मुलं, तुमच्या आईचे गुडघे... मला वाटलं तुम्ही सगळे... जाऊ दे. माणूस म्हातारा झाला की भलतंच वाचतो. राहा तुम्ही इथे. हवं तितकं राहा.”

ऐकलंत? घर वाचलं होतं! चादरीखाली माझं काळीज फुलासारखं उमललं. आणि त्या आनंदात, केवळ आनंदात, मी एक झुरका घेतला.

छोटाच होता. पण पाच दिवसांचा उपाशी होता.

“थांबा!” काका ओरडले.

सगळं घर थांबलं. पातेलीसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

“मोकळं झालेलं नाक आहे माझं,” काका हळूहळू म्हणाले, “आणि त्यात स्ट्रॉबेरी आलीय!”

“कसली स्ट्रॉबेरी?” बायको म्हणाली.

“तीच! जिच्यासाठी मी कागद लावला ती! दारावर तीनदा लिहिलंय मी, सिस्टर! वेप!”

“काय?”

“वेप! वेप! ती ओढायची नळी!”

“दारावर वाफ लिहिलंय, काका.”

“मी वाफ लिहीन? वाफेला मी घराबाहेर काढीन? जिच्या जिवावर चाळीस वर्षं भाकरी खाल्ली तिला?”

पावलं दाराकडे गेली. मी चादरीखालीच बसून राहिलो. तुम्ही म्हणाल, पळायचं ना! कुठे? मी भाड्याच्या घरात, भाड्याच्या स्टुलावर, सासूबाईंच्या चादरीखाली होतो.

दारातून काकांचा आवाज आला. “भिंग घ्या. इथे खरवडलंय बघा. ही मात्रा होती. आणि ही शेपटी! ही माझी नाही. माझा हात सरळ आहे, हा कुणीतरी गोलमटोल हात आहे. थांबा, अर्ज आहे माझ्या पिशवीत. त्यातल्या ‘फ’शी ताडून बघू. एकोणीस आहेत.”

“नको काका,” बायको म्हणाली. आवाज इतका हळू की मला त्या चादरीत घाम फुटला. “ताडायला नको. हा ‘फ’ मी ओळखते.”

“कसा?”

“लग्नाआधी दोन वर्षं मला रोज एक पत्र यायचं. खाली लिहिलेलं असायचं, ‘फक्त तुझाच’. त्या ‘फ’ची शेपटी अशीच असायची, बदकाच्या पिल्लासारखी. दोन वर्षं मी त्या शेपटीकडे बघून हसत होते.”

पावलं माझ्या दिशेने आली.

इथे एक सांगून ठेवतो. बायको एरवी मला ‘अरे’ म्हणते. रुसली की ‘ऐक’. ‘अहो’ तिने मला आजवर दोनदाच म्हटलंय.

“अहो,” ती म्हणाली.

चादर उचलली सासूबाईंनी. तोंडातला उरलेला झुरका मी अजून धरून ठेवला होता. श्वास किती वेळ धरणार? तो सगळा त्यांच्या तोंडावर गेला, पांढरा, गोड, स्ट्रॉबेरीचा. सासूबाईंनी डोळेसुद्धा मिटले नाहीत:

“माझा जावई गुणाचा, जणू साखरेचा खडा!
तोंड उघडता बाई, धूर निघे भडाभडा!”

मी आकाशी नळी पुढे केली. बायकोने ती घेतली, दोन बोटांत, जशी ती वॉर्डात थर्मामीटर धरते.

“सिगारेट सोडली होती मी,” मी पुटपुटलो. “शब्द सिगारेटचा होता.”

“शब्दाचं मला सांगू नका तुम्ही,” ती म्हणाली. “शब्दाचं काय करता ते दारावर बघितलंय.” मग आवाज एकदम फुटला. “घर जायची पाळी आणलीत तुम्ही! आईचे गुडघे, ती खिडकी... मी टॉवेल हलवत होते वेड्यासारखी, आणि इकडून तुम्ही काय सोडत होतात!”

यावर माझ्याकडे एकही दुरुस्ती नव्हती. मी खाली पातेल्यात पाहिलं. पातेल्यात माझं तोंड होतं, तेही वेडंवाकडं.

“एक महिना,” बायको काकांना म्हणाली. “तुमचं बरोबर आहे, काका. आम्ही घर सोडतो.”

काका चुलींकडे बघत होते. चारही पातेली अजून रटरटत होती. वाफ वर जाऊन छताला टेकत होती आणि थेंब होऊन परत येत होती. काकांनी पुन्हा एक मोठा श्वास घेतला. नाक वाजलं नाही.

“सिस्टर,” ते म्हणाले, “कारखान्यात बॉयलर एक बिघडला, म्हणून मी कधी कारखाना बंद केला नाही. वास्तू चांगली आहे. माणसं चांगली आहेत. दोष एका यंत्रात आहे.” आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी गंजलेल्या नळाकडे पाहतं. “यंत्राची तपासणी करून ठरवू.”

मग त्यांनी पिशवीतून एक जुना पिवळट फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला, आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. मला खोकायला सांगितलं. पाठीवर दोनदा टकटक केलं. बायकोला दोन प्रश्न विचारले, सासूबाईंना एक. मला काहीच विचारलं नाही.

तोच फॉर्म आता आमच्या फ्रिजवर आहे. लुकणानेच चिकटवलाय, निघत नाही. जसाच्या तसा देतो:

उपकरण: नवरा. वापरात: पंधरा वर्षे. कमाल दाब: पत्नीच्या परवानगीइतका. सेफ्टी व्हॉल्व्ह: सासूबाई. गळती: आहे, तोंडातून. शेरा: घरात ठेवण्यास तूर्त हरकत नाही. दर तीन महिन्यांनी फेरतपासणी. पुन्हा गळती आढळल्यास फक्त हे उपकरण एका महिन्यात बाहेर काढावे. बाकी कुटुंबाने निर्धास्त राहावे.

घर राहिलं, खिडकी राहिली, सासूबाईंच्या अकरा पायऱ्या राहिल्या. काका रोज संध्याकाळी आमच्याकडे वाफ घ्यायला येतात, माझ्या स्टुलावर, माझ्या चादरीखाली. मी तेव्हा बाहेर उभा असतो.

फॉर्मच्या खाली तिघांच्या सह्या आहेत: काकांची, बायकोची आणि सासूबाईंची. मीही पेन उघडून पुढे झालो होतो. काका म्हणाले, “अहो, तुम्ही कुठे? उपकरणाची सही घेतात का कुणी?”